रात्री दहानंतरचा रेडिओ

जॉन पील यांचा विषय निघाला की आधी बोललं जातं ते त्यांच्या कानाबद्दल. डेव्हिड बोवी, जॉय डिव्हिजन, द स्मिथ्स, पीजे हार्वी यांना नाव मिळण्याआधीच बीबीसीच्या या निवेदकाने त्यांना हेरलं, असं कौतुकाने सांगतात. त्यात खोटं काही नाही. पण रेडिओच्या कार्यक्रम-आखणीचा अभ्यासक म्हणून मला हे स्पष्टीकरण तोकडं वाटतं. 30 सप्टेंबर 1967 रोजी बीबीसीचं ‘रेडिओ वन’ सुरू झालं. तेव्हापासून 25 ऑक्टोबर 2004 रोजी पेरूमधल्या कुस्को शहरात अचानक निधन होईपर्यंत पील तिथेच होते; पहिल्या फळीतले शेवटपर्यंत टिकलेले ते एकटेच. या 37 वर्षांत त्यांच्या कार्यक्रमासाठी 2,000हून अधिक कलाकारांची 4,000हून अधिक खास ध्वनिमुद्रणं झाली. ती ‘पील सेशन्स’ म्हणून ओळखली जातात. त्यांतली बहुसंख्य नावं आज खुद्द इंग्लंडमध्येही कुणाला आठवायची नाहीत. नेम इतका अचूक असता तर एवढे बाण लागलेच नसते. पील यांचं मोठेपण मला पारखीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत दिसतं: ज्यांचं पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही, अशांना वर्षानुवर्षं नेमाने जागा देत राहण्यात.

ही जागा आली कुठून, हे पाहिलं की व्यक्तीइतकीच व्यवस्थाही दिसू लागते. रेकॉर्ड वाजत राहिल्या तर जिवंत वादकांच्या पोटावर पाय येईल, ही ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेची जुनी भीती. रेकॉर्ड कंपन्यांनाही आपला माल रेडिओवर मुबलक वाजायला नको होता. त्यामुळे बीबीसीने दिवसाकाठी किती तास रेकॉर्ड लावायच्या यावर करारानेच मर्यादा होती. उरलेला वेळ वादकांना बोलावून, मानधन देऊन भरायचा. इतर कार्यक्रम वाद्यवृंदांकडून चालू लोकप्रिय गाणी वाजवून घेत. पील आणि त्यांचे निर्माते जॉन वॉल्टर्स यांनी त्याच तरतुदीतून रेकॉर्ड कंपनीने अजून दारातही उभं न केलेल्या पोरांना बोलावलं. लंडनमधल्या मेडा व्हेल स्टुडिओत बँड यायचा आणि एका दिवसात साधारण चार गाणी उरकायचा: आधी वाद्यं, मग गळा, आणि रात्रीपर्यंत मिक्सिंगही पूर्ण. चुका घोटून काढायला सवड नसे, म्हणून त्या ध्वनिमुद्रणांत एक उघडावाघडा जोम राहिला. पील स्वतः तिथे सहसा फिरकतही नसत. तो दिवस बँडचा आणि तंत्रज्ञांचा. खिशात दमडी नसलेल्या चार जणांना चांगला स्टुडिओ, मानधन आणि देशभर प्रक्षेपण हे सगळं एकदम मिळे. रेकॉर्डवरची ती मर्यादा 1980च्या दशकाच्या अखेरीस उठली, पण पील यांची सेशन्स चालूच राहिली. एका जुन्या नियमातून आलेली सोय तोवर कार्यक्रमाचं तत्त्व झाली होती.

प्रक्षेपणातही हेच धोरण दिसतं. 1973 साली त्यांनी माइक ओल्डफिल्ड यांची ‘ट्युब्युलर बेल्स’ ही अख्खी तबकडी ऐकवली. 1987 साली त्यांच्याच कार्यक्रमात नेपाम डेथ हा बँड आला, ज्याचं एक गाणं जेमतेम सेकंदाचं आहे. 1976 साली रामोन्स वाजवल्यावर जुन्या श्रोत्यांची संतापाची पत्रं आली. पील यांनी आणखी पंक वाजवलं. श्रोत्यांच्या कौलावर ठरणारी ‘फेस्टिव्ह फिफ्टी’ ही यादी त्याच वर्षी सुरू झाली आणि पहिल्या क्रमांकावर लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ आलं. 1978 साली तिथे सेक्स पिस्टल्सचं ‘अनार्की इन द यूके’ होतं. जुने कितीतरी श्रोते रुसून गेले आणि कोवळ्या वयाचे नवे आले. श्रोता गमावण्याची ही तयारी जाहिरातींवर जगणाऱ्या केंद्राला परवडणारी नव्हती. बीबीसी लायसन्स फीवर चालत होती आणि रात्री दहानंतरच्या वेळेवर कुणाचा फारसा डोळा नव्हता, म्हणून ते जमलं.

यावर पहिला आक्षेप असा की, ही शेवटी एका माणसाची मर्जीच. द फॉल या बँडला 24 सेशन्स मिळाली. हा लाडकेपणा नाही तर काय? आहेच. पण मर्जीचा प्रभाव किती चालला, हेही पाहायला हवं. पील रेगे, आफ्रिकी संगीत, हिपहॉप सतत वाजवत; वार्षिक कौलात मात्र गिटारवाल्या गोऱ्या पोरांचीच चलती असे आणि पील त्यावर कुरकुरत. म्हणजे श्रोत्यांची आवड त्यांच्या मुठीत नव्हती. आणि मर्जीला फळ लगेच यावं, असा हट्टही नव्हता. जार्व्हिस कॉकर यांच्या पल्पचं पहिलं सेशन 1981चं, दुसरं थेट 1993चं. खरी कीर्ती त्याही नंतरची. याला कुणी द्रष्टेपण म्हणेल. मला त्यात एवढंच दिसतं, की दार एकदा उघडलं आणि त्या बदल्यात काही मागितलं नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. घरबसल्या ध्वनिमुद्रण होतं, क्षणात जगभर पोहोचतं. मग पील हवेत कशाला? त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. स्टुडिओची अडचण सुटली, पण कान मिळण्याची सुटली नाही. शिफारस करणारी यंत्रणा आपण काल काय ऐकलं त्यावरून उद्याचं ठरवते. तिच्या लेखी आपण मध्येच बंद केलेलं गाणं म्हणजे चूक, आणि पुढच्या वेळी ती टाळायची. पील यांच्या दोन तासांत न आवडलेल्या गाण्यानंतर लगेच दुसरं अनोळखी गाणं येई, आणि ऐकणारा थांबे, कारण निवेदकावर त्याचा भरवसा होता. हा भरवसा सगळी गाणी आवडण्यातून आलेला नव्हता. हा माणूस कुणाच्या पैशासाठी काही वाजवत नाही, या खात्रीतून तो आला होता.

म्हणून ‘दुसरा पील कुठून आणायचा’ या प्रश्नात मला फारसा अर्थ दिसत नाही. जाणकार कानांचा दुष्काळ कुठल्याच काळात नसतो. फसलेल्या गाण्यांचा हिशेब न मागता रोजचे दोन तास, एक स्टुडिओ आणि नवख्या वादकांना योग्य मानधन द्यायला कुठली सार्वजनिक प्रसारण संस्था तयार आहे, हे विचारायला हवं. ते मिळालं तर माणूस सापडेल. नाही तर पील यांच्याइतका चांगला कानही चार ओळखीची गाणी फिरवत बसेल.