रबाळ्याचा चढ आणि तीनचाकी सायकल

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलने ऐरोली सोडली की पुढचे स्थानक रबाळे. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस पारसिकचे डोंगर. ठाणे-बेलापूर रस्त्यापासून डोंगराकडे वळले की महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे कारखाने सुरू होतात आणि जमीन हळूहळू चढू लागते. गाडीत बसलेल्यास हा चढ जाणवतही नाही. तो जाणवतो तीनचाकी मालवाहू सायकल ओढणाऱ्यास.

कारखान्यांच्या गल्ल्यांतून अशा सायकली दिवसभर फिरतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे गठ्ठे, प्लास्टिकची पिंपे, पाण्याचे वीस लिटरचे जार, लोखंडी भंगार, असे काहीही त्यांवर असते. टेम्पोला जे अंतर परवडत नाही आणि हमालाच्या डोक्याला जे पेलत नाही, ते काम या सायकलीचे.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीचे वजन धरून तो सुमारे तीस किलोचा होतो. असे सहा सिलिंडर चढवले की १८० किलो झाले. सायकल व चालक मिळून एकूण भार तीनशेच्या घरात जातो. चाकांत हवा भरपूर आणि रस्ता सपाट असेल, तर एवढा भार ढकलण्यास साधारण तीन किलोचा जोर पुरतो. चाकाची सारी किमया हीच. मात्र तीस फुटांत एक फूट चढ आला की त्यात आणखी दहा किलोंची भर पडते. म्हणूनच चालक चढावर खाली उतरतो आणि दांडीला खांदा लावतो. उतरताना निराळीच परीक्षा. पावसाळ्यात रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते आणि मागचा सारा माल चालकाच्या पाठीवर रेटत येतो.

युरोपात अलीकडे अशा सायकलींना विजेची मोटर जोडून शहरात पार्सले पोहोचवतात. तेथे किती वजन लादावे, हे उत्पादक लिहून देतो. रबाळ्यात गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने जोडलेल्या सांगाड्यावर असा आकडा कोठून असणार? भाडे बहुधा खेपेवर ठरते, वजनावर नाही. मग माल देणाऱ्याचा हात ‘आणखी दोन खोकी’ म्हणत राहतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसा-अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आहे. बैलगाडीच्या संदर्भात तो शब्द आपण सहज समजून घेतो; गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या संदर्भात तो क्वचितच आठवतो.

जवळच घणसोली व कोपरखैरणे येथे माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्यास मजुरीची व भविष्यनिर्वाह निधीची हमी मिळाली. स्वतःची किंवा भाड्याची सायकल हाकणारा मात्र मालक की मजूर, हेच स्पष्ट नसते. पायडलच्या वाहनास परिवहन खात्याची नोंदणी लागत नाही, ही त्याची सोय. पण नोंदणीचा कागद नसल्याने तारण दाखवायलाही काही नसते. मुद्रा योजनेतील ‘शिशु’ कर्ज पन्नास हजारांपर्यंत विनातारण मिळते. मोटर बसवण्यास त्याचा उपयोग होऊ शकतो. ज्या व्यापाऱ्याचा माल रोज याच सायकलीवरून जातो, त्याने चालकाबरोबर एकदा बँकेत जाऊन अर्ज भरून द्यावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.