कार्ल्याचें चैत्यगृह आणि भिंगाची निवड

कार्ल्याच्या चैत्यगृहांत डिजिटल कॅमेरा नेणाऱ्यानें भिंगाचा विचार पायऱ्या चढण्यापूर्वींच करावा. फिशआय, म्हणजे मत्स्यनेत्र, भिंग कर्णरेषेवर सुमारें १८० अंशांचें दृश्य टिपतें. परंतु मध्याबाहेरील सरळ रेषा त्यांत धनुष्यासारख्या वांकतात. छताच्या, सुमारें दोन हजार वर्षांच्या, लांकडी कमानी मुळांतच वक्र. त्यांना तें शोभेलही. पण ३७ स्तंभ वांकले तर शिल्प्यांनीं साधलेली ती सरळ ओळ राहिली कोठें? वाइड-अँगल भिंगांत स्तंभ सरळ राहतात. कडेच्या माणसांचे चेहरे मात्र ताणले जातात, म्हणून मंडळींना मध्यभागीं उभें करावें. ज्यांना आतां पायऱ्या चढवत नाहींत, त्या घरच्या वृद्धांना लेणें छायाचित्रांतच पाहावयाचें; तेव्हां नातवास मीं वाइड-अँगलच घ्यावयास सांगितलें. कॅमेरा समपातळींत धर, वर रोखलास तर खांब एकमेकांकडे कललेले दिसतील, एवढें बजावलें.