औषधपालट

एके काळी दुखणे हटेनासे झाले की डॉक्टर हवापालट सुचवीत. त्या सल्ल्यात शास्त्र किती आणि सांत्वन किती, असे रुग्ण सहसा विचारीत नसे. डोळ्यांच्या दवाखान्यात आज औषधपालट सुचविला जातो, तेव्हा मात्र हा प्रश्न विचारावाच लागतो.

पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 साली लखनौमध्ये संगीत महाविद्यालय उभे राहिले. या शहराला मराठी माणूस परका नाही. परंतु मराठी पुस्तक मात्र दुरूनच यावे लागते. कानपूर रस्त्यावरील सरोजिनी नगरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला अशाच एका पुस्तकातील शिरोरेषा मध्येच वाकलेली दिसू लागली. हा विकार ओळखण्यासाठी आम्स्लर यांच्या नावाची चौकट वापरतात. देवनागरी वाचणाऱ्याच्या प्रत्येक शब्दावर तशी एक रेघ आधीच आखलेली असते.

दृष्टिपटलाच्या पीतबिंदूखाली नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात आणि शेवटी व्रण मागे ठेवतात. या वाढीला चिथावणारे प्रथिन नेपोलिओन फेरारा यांनी 1989 साली वेगळे केले. त्याला आवरणारे बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगावरील औषध 2005 मध्ये डोळ्यात टोचले जाऊ लागले. खास डोळ्यांसाठीचे महागडे रॅनिबिझुमॅब 2006 मध्ये आले. 2011 साली अमेरिकेतील तुलनात्मक चाचणीत दोहोंमुळे मिळालेली दृष्टी सारखीच ठरली. पुढे 2011 मध्ये अफ्लिबरसेप्टला, 2022 मध्ये फॅरिसिमॅबला तेथे मान्यता मिळाली. भारतात 2015 साली देशी रॅनिबिझुमॅब निघाले.

बाईंना स्वस्त औषधाची अनेक इंजेक्शने झाली, तरी पटलाखालचे पाणी हटले नाही. नवे औषध सुचविण्यात आले. त्यांनी एवढेच विचारले की, पाणी उतरेल, पण ओळ सरळ होईल काय? प्रश्न शिक्षिकेचा होता आणि तो नेमका होता. औषध बदलल्यावर छायाचित्रातील सूज पुष्कळदा ओसरते. तक्त्यावरची अक्षरे मात्र त्या मानाने वाढत नाहीत. जुनेच औषध कमी अंतराने दिले असते तर तेवढाच गुण आला असता की काय, हेही नेहमी कळत नाही. नवेपणा म्हणजे निर्धोकपणा नव्हे. 2019 मध्ये मान्य झालेल्या ब्रोल्युसिझुमॅबमुळे काही रुग्णांच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांना दाह झाल्याचे वर्षभरातच नोंदले गेले.

म्हणून जुन्यालाच चिकटून राहावे असे नव्हे. पाझर चालू राहिला तर व्रण पडतो, आणि पडलेला व्रण कोणतेही इंजेक्शन पुसत नाही. बाईंनी होकार दिला तो गेलेली अक्षरे परत मिळतील म्हणून नव्हे, तर उरलेली जाऊ नयेत म्हणून. दृष्टीआड सृष्टी असे आपण सहज म्हणतो. या विकारात कडेची सृष्टी शाबूत राहते. दारातून येणारा माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. पान दिसते, शब्द दिसत नाही. ज्याचे सारे जगणे त्या शब्दात आहे, त्याला आहे तेवढे टिकणे हाही गुणच वाटतो.