देवमाशांची दरी आणि अ‍ॅन आर्बरची कार्यशाळा

कैरोच्या नैर्ऋत्येस सुमारे 150 किलोमीटरवर वादी अल्-हितान, म्हणजे देवमाशांची दरी, आहे. आज तेथे रखरखीत वाळवंट आहे. परंतु सुमारे 3 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. त्याच्या तळाशी विसावलेल्या देवमाशांचे मणके वाऱ्याने आता उघडे पाडले आहेत. 2005 साली युनेस्कोने या दरीस जागतिक वारशाचा मान दिला. त्याच वर्षी फिलिप जिंजरिच यांच्या पथकाने तेथून बॅसिलोसॉरसचा सुमारे 50 फूट लांबीचा सांगाडा काढला आणि अभ्यासासाठी तो अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर येथे आला. हाडे मात्र इजिप्तची होती आणि इजिप्तलाच परत जावयाची होती. परक्याची ठेव सांभाळताना जी धाकधूक असते, ती व्यापारी कुटुंबांना वेगळी सांगावयास नको.

अशा कार्यशाळेत हाडे येतात ती गोणपाट व प्लास्टरच्या कवचात. प्रत्येक कवचावर क्रमांक असतो. तो पुसला गेला तर कोणता मणका कुठला, हे सांगणारा कोणी उरत नाही. कवच कापल्यावर खरे काम सुरू होते. हवेच्या दाबावर थरथरणारी, पेनाएवढी पोलादी सुई दगडाचा कण न् कण उडविते. हाड कोठे संपले आणि दगड कोठे लागला, हे रंगाच्या किंचित फरकावरून आणि हाताला जाणवणाऱ्या कठीणपणावरून ओळखावे लागते. दिवस सरतो आणि तळहाताएवढा भाग मोकळा होतो. भेगांत ॲसिटोनमध्ये विरघळविलेली राळ सोडतात. ती हेतुपूर्वक अशी निवडतात, की उद्या चूक ध्यानात आली तर जोड पुन्हा सोडविता यावा. सुई घसरली तर मात्र उपाय नाही.

बॅसिलोसॉरसच्या ओंडक्यासारख्या मणक्यांना एखादा ओरखडा सोसेलही. त्याच्या मागील पायांना नाही. एवढ्या अजस्र देहाला गुडघा, घोटा आणि बोटे असलेले इवलेसे पाय होते, हे जिंजरिच आणि सहकाऱ्यांनी 1990 साली जगासमोर मांडले. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, याची साक्ष त्या बोटभर हाडांत आहे. आपल्या जीवविचारात जलचर आणि स्थलचर हे भेद स्पष्ट आहेत. येथे त्या दोहोंमधील वाटच दगडात दिसते. रिचर्ड हार्लन यांनी 1834 साली हा सरडाकुळीतील प्राणी समजून त्याचे नाव ठेवले. पुढे दातांवरून तो सस्तन ठरला. तरी खतावणीत प्रथम पडलेले नाव नियमानुसार कायम राहिले.

याहूनही जुन्या देवमाशांची हाडे कच्छच्या खडकांत आहेत. सुनील बाजपेयी व थेविसेन यांनी 2000 साली वर्णिलेल्या एका लहान देवमाशाचे नाव कच्छिसिटस. मुंबईतील कित्येक घरांचे मूळ ज्या मातीत आहे, तिच्याखालीही हा समुद्र दडलेला आहे, हे कच्छी मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

अ‍ॅन आर्बरला हाडांचे साचे घेऊन प्रतिकृती घडविली गेली. 2011 पासून तेथील संग्रहालयाच्या छताखाली ती तरंगू लागली. मूळ हाडे पेट्यांत बंद होऊन इजिप्तला परतली. 2016 च्या जानेवारीत देवमाशांच्या दरीतच वाळूच्या रंगाचे घुमटाकार संग्रहालय उघडले. त्याच्या मध्यभागी 18 मीटर लांबीचा बॅसिलोसॉरस पहुडला आहे आणि दाराबाहेर, ज्या वाळूत त्याचे भाईबंद अजून निजलेले आहेत, ती पसरली आहे.