झोळीची दोरी

चिखली, जि. बुलढाणा
१५ नोव्हेंबर

चि. सई,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, बाळंतपणाच्या रजेचे सव्वीस आठवडे संपत आले, राजीनामाच देते." तेव्हा बोलायला शब्द सुचले नाहीत, म्हणून लिहिते आहे.

इकडे कापसाची वेचणी सुरू आहे. तुझे बाबा तान्हे होते तेव्हाही हेच दिवस होते. आई कमरेला ओटी बांधून वेचायची. धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याची झोळी, झोळीत तुझे बाबा आणि दोरी माझ्या हातात. ते रडले की आई पात सोडून पाजायला यायची. मजुरी किलोवर होती, त्यामुळे संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं इतर बायांपेक्षा हलकं भरायचं. मूल झालं की बाईची कमाई मागे पडते, हे आकड्यांत मांडणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी ते काट्यावर पाहिलं होतं. आणि दोरी धरायला मी होते, म्हणून माझं चौथीचं वर्ष बुडालं.

पुढे मी अंगणवाडी सेविका झाले. तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास माझ्याकडे असत. पण तान्हं घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मजूर बाईला मला परत पाठवावं लागे. मग ती मजुरी बुडवायची, नाहीतर थोरलीची शाळा.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं, की कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची, तिला मजुरी द्यायची. दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाणारीला तेवढाही आधार नाही.

तुला आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. राजीनाम्याआधी पाळणाघरासाठी अर्ज दे. आणि घरी जावईबापूंनाही रात्रपाळी वाटून घ्यायला सांग. लेकरू दोघांचं आहे.

आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून बायांची बाजू मांडली. तुला तर एक अर्जच लिहायचा आहे. तुझ्या आजीला मागायला दार नव्हतं. तू मागितलंस, तर तुझ्यामागून बाळंतपणावरून परतणारीला पाळणा तयार मिळेल.

तुझी,
आत्या