रुपायातले किती आणे?

मराठी शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. त्यामुळे शब्द कानावर पडले की मनात याद्या सुरू होतात. दुखण्याचेच शब्द बघा. डोकं ठणकतं, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, पायात गोळा येतो, दाढेतून सणक उठते, ताप आला की अंग मोडून येतं... ही आपली माझी हौस. पण ही यादी दवाखान्यातही कामाची असते हे गेल्या वर्षी थोरल्या जाऊबाईंच्या उशाशी बसल्यावर कळलं.

जाऊबाई पारनेर तालुक्यातल्या, ऐंशी ओलांडलेल्या. मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. नगरला ऑपरेशन झालं. (२०२४ पासून आपण अहिल्यानगरकर झालो, पण तोंडात अजून नगरच येतं!) पाच बाळंतपणं घरी झालेली बाई. विव्हळणं म्हणजे लाज. डॉक्टर आले की पदर सावरून एकच उत्तर, "बरं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक सिस्टर आली. पंचविशीतली पोर. "आजी, दहापैकी किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"मला काय कळतंय माय त्यातलं. बरं हाय."

तिने शून्य लिहिलं नाही. क्षणभर नुसती बघत राहिली. दातावर दात, मुठीत कॉटची दांडी, जेवणाचं ताट तसंच. मग म्हणाली, "बरं आजी, रुपायातलं किती आणे दुखतंय?"

जाऊबाईंचा चेहरा एकदम उजळला. "निजल्याव चार आणे. पण कूस बदलायची म्हटलं की पंधरा आणे बघ. अशी चमक मारती!"

सिस्टरने बँडेज बघितलं, पायाची बोटं हलवायला लावली, ओटीपोट हलकेच दाबून लघवी तुंबली नाही ना ते पाहिलं. मग कागद वाचून सलाईनमधून इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने पुन्हा हजर. "आता?" "सहा आणे." तेव्हाच तिने जाऊबाईंना कॉटच्या कडेला बसवलं.

मास्तरणीचा स्वभाव, मी विचारलंच. ती म्हणाली, "काकू, डॉक्टर दुखण्याचं औषध बऱ्याचदा 'एसओएस' लिहितात, म्हणजे लागल्यास द्या. लागलं का नाही, ते आम्ही ठरवायचं."

आणि ठरवणं सोपं नाही. दुखणं दाबलं नाही तर म्हातारं माणूस हलत नाही, खोकत नाही. छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. जोराचं औषध जास्त झालं तर गुंगी येते, श्वास मंदावतो. म्हणून तसं औषध दिल्यावर श्वास मोजायचे, हाकेला ओ देतात का बघायचं. दुखणं अचानक वाढलं तर नुसतं औषध देऊन गप्प करायचं नाही, कारण शोधायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

घरी आल्यावर थोडं वाचलं. १९६८ साली मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने मांडलं, की रुग्ण सांगेल तेच त्याचं दुखणं. १९७५ साली कॅनडाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे दुखण्याचे शब्द गटागटाने मांडून प्रश्नावली केली. म्हणजे माझीच यादी की! लहान मुलांसाठी हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहऱ्यांची चित्रं असतात. ज्यांना बोलताच येत नाही त्यांचा चेहरा, श्वास आणि कण्हणं वाचायचं.

माणसाला त्याच्याच बोलीत विचारायचं, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गावच्या बाईचं दुखणं त्यांना तिच्याच शब्दांत समजत होतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. रात्री वॉर्डात सिस्टर एक आणि खाटा कितीतरी. जो ओरडतो त्याच्याकडे आधी धाव घ्यावी लागते. 'बरं हाय' म्हणणारी बाई भिंतीकडे तोंड करून रात्र काढते. सोसणं हा गुण म्हणून आपणच पिढ्यान् पिढ्या मुलींना शिकवला. दवाखान्यात तो गुण नडतो.

म्हणून घरच्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. सिस्टरने विचारलं तर 'ठीक आहे' म्हणू नका. कुठे, कसं, निजल्यावर किती, हलल्यावर किती, ते सांगा. आकडा सुचत नसेल तर आणे सांगा. आपलं माणूस बोलत नसेल तर त्याच्या वतीने तुम्ही बोला.

असो. तुमच्याकडे दुखण्याला आणखी कोणते शब्द आहेत? जरूर कळवा, माझ्या यादीत भर घालीन.