बाहुली

लहानपणी धोतऱ्याला हात लावला की आजी ओरडायची, "मेल्या, डोळे फाकतील!" आजीचं शास्त्र अगदी बरोबर होतं. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन असतं. बाहुली आकसवणाऱ्या स्नायूला ते मज्जातंतूचा निरोप पोचूच देत नाही, मग बाहुली पसरते.

बार्बिट्युरेटचं तसं नसतं. यातलं फेनोबार्बिटाल 1912 साली आलं. (फिट येणारं माणूस घरात असेल तर गार्डिनाल हे नाव ऐकलं असेल, तेच हे.) जास्त झालं तर माणूस गाढ बेशुद्ध होतो, पण बाहुल्या बहुधा लहानच राहतात आणि बॅटरी मारली की हलतात. अगदी टोकाच्या डोसला मात्र त्याही थिजतात. श्वास मंदावून मेंदूला प्राणवायू कमी पडला तर पसरतातही.

हे सगळं मी वाचलं ते गेल्या वर्षी, मामेभावाच्या डोक्याला मार लागल्यावर. मेंदूची सूज उतरेना म्हणून त्याला थायोपेंटोनचं ड्रिप लावलं होतं. एका रात्री ड्युटीवरचा पोरगेला डॉक्टर म्हणाला, "दोन्ही बाहुल्या फिक्स्ड आहेत." मामींनी मला विचारलं, "म्हणजे गेला का रे?" काय सांगणार?

सकाळी मोठे डॉक्टर आले. म्हणाले, थायोपेंटोन चरबीत साठतं, ड्रिप बंद केलं तरी उतरायला दिवस लागतात, तोवर नुसत्या डोळ्यांवरून निकाल द्यायचा नाही. मेंदूमृत्यू ठरवायचा तरी आपल्याकडे चार डॉक्टर लागतात, किमान 6 तासांच्या अंतरानं दोन तपासण्या लागतात, आणि त्याआधी गुंगीच्या औषधांचा अंमल नाही ना, हे बघावं लागतं. पाचव्या दिवशी उजवी बाहुली किंचित आकसली. मामींना सांगताना माझा आवाजच फुटेना. आता तो काठी घेऊन चालतो, डावा हात अजून नीट वळत नाही.

नंतर वाचत सुटलो तेव्हा ग्लुटेथिमाइड भेटलं. बार्बिट्युरेटपेक्षा सुरक्षित म्हणून 1954 साली आलेली ही झोपेची गोळी. जास्त झाली की बाहुल्या पसरून तासन्‌तास तशाच राहायच्या, कधी एक मोठी, एक लहान. बघणाऱ्याला वाटावं, मेंदूत रक्तस्रावच झालाय. बेशुद्ध माणूस तपासताना बाहुलीवर विश्वास ठेवायचा, पण या गोळीचा अपवाद लक्षात ठेवून, असं मग डॉक्टरांना शिकवावं लागलं.

सुरक्षित म्हणे!